कार्डिओलिपिनचा डाग कधी ठसठशीत, कधी गायब: बॅसिलसच्या लिपिडची टीएलसी करताना

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं तेच कल्चर, तीच टीएलसी (सिलिकाच्या पातळ थरावर सॉल्व्हंट चढवून लिपिड वेगळे करायची पद्धत), काम करणारे हातही तेच. मंगळवारच्या प्लेटवर वरच्या अंगाला कार्डिओलिपिनचा, म्हणजे पेशीच्या पटलातल्या एका लिपिडाचा, निळा डाग स्वच्छ दिसतो. शुक्रवारच्या प्लेटवर त्याच जागी पुसट सावली, आणि पुढच्या आठवड्यात एकदम दुप्पट. जून उजाडला की हे वाढतं. नवी मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला आलेल्या प्रत्येक बॅचने मला हा प्रश्न विचारला आहे. आणि प्रत्येक बॅचने पहिल्यांदा सॉल्व्हंटचं प्रमाणच बदलून पाहिलं आहे.

सॉल्व्हंटला हात लावू नका. दहातल्या आठ वेळा डाग प्लेटवर हरवलेला नसतो. तो पेशीतून बाहेरच आलेला नसतो, नाही तर आपण उशीर केला म्हणून पेशीने तो आणखी बनवलेला असतो. प्लेट तुम्ही तिच्यावर जे ठेवलंत तेच दाखवते. पावसाळ्यात तीही थोडी फसवते, त्याकडे मी पुढे येते, पण सुरुवात तिच्यापासून करायची नाही.

सुरुवात करायची ती कचऱ्यात जाणाऱ्या चोथ्यापासून. लिपिड काढून झाल्यावर उरलेला पेशींचा पांढरा गोळा आपण सहज फेकून देतो. पुढच्या वेळी तो ठेवा. त्यावरून मिथेनॉल पूर्ण उडू द्या, बफरमध्ये कालवा, लायसोझाइम (पेशीची भित्तिका तोडणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि पुन्हा एकदा लिपिड काढा. पहिला अर्क आणि हा दुसरा अर्क एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावा. दुसऱ्या अर्कात कार्डिओलिपिनचा डाग उठला, तर निदान झालं. मिथेनॉल लागलेल्या पेशींवर लायसोझाइम ताज्या पेशींइतकं नीट चालतंच असं नाही, त्यामुळे या चाचणीतून किती राहिलं होतं हे मोजू नका. राहिलं होतं की नव्हतं, एवढंच कळतं आणि तेवढं पुरे. गेल्या जुलैत एका मुलीने हे करून पाहिलं. पहिल्या अर्कात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे पटलातलं दुसरं लिपिड भरपूर, कार्डिओलिपिन नावापुरतं. चोथ्याच्या अर्कात मात्र जवळजवळ एकटं कार्डिओलिपिन. तीन आठवडे ती जे शोधत होती, ते रोज बायोहॅझर्डच्या पिवळ्या पिशवीत जात होतं.

असं का होतं हे कळायला आपण वापरतो ती पद्धत कुठून आली ते पाहावं लागतं. ब्लाय आणि डायर यांनी ती १९५९ साली कॅनडात कॉड माशाच्या मांसासाठी बसवली. शंभर ग्रॅम मासा, त्यात सुमारे ८० ग्रॅम पाणी, त्यावर १०० मिली क्लोरोफॉर्म आणि २०० मिली मिथेनॉल. आपण ज्याला १:२:०.८ म्हणतो, तो ०.८ म्हणजे त्या माशातलं पाणी. माशाच्या पेशीला भित्तिका नसते, सॉल्व्हंट थेट पटलाला भिडतो. बॅसिलसच्या किंवा स्टॅफिलोकोकसच्या पटलावर मात्र पेप्टिडोग्लायकनची २० ते ८० नॅनोमीटर जाडीची घट्ट विणलेली जाळी असते, आणि तिच्यात फॉस्फेटने भरलेलं टायकोइक ॲसिड गुंफलेलं असतं. दोन शेपट्यांचे लहान लिपिड त्यातून निसटतात. कार्डिओलिपिन म्हणजे दोन फॉस्फॅटिडिक ॲसिड एका ग्लिसरॉलने जोडून झालेलं चार शेपट्यांचं मोठं धूड. ते जाळीमागे अडकतं. ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे अशा जाड भित्तिकेच्या, जिवाणूंमधून कार्डिओलिपिन सहजी निघत नाही, हे फिल्गेरास आणि ऑप डेन काम्प यांच्या १९८०च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. पातळ भित्तिकेच्या ई. कोलायवर शिकलेली पद्धत बॅसिलसवर जशीच्या तशी लावली की हीच चूक घडते. आणि आपल्याकडे शिकवणी ई. कोलायवरच होते.

म्हणजे आधी भित्तिका तोडायची. बॅसिलससाठी लायसोझाइम, मिलीला १ मिलिग्रॅम. बफरमध्ये २० टक्के साखर म्हणजे सुक्रोज आणि थोडं मॅग्नेशियम, म्हणजे भित्तिका गेली तरी पेशी फुटत नाही. १५ मिनिटांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. काड्यांसारख्या पेशींचे गोल मणी झालेले दिसले पाहिजेत. अर्ध्या काड्या, अर्धे मणी असतील तर अजून पाच मिनिटं द्या. हे बघण्यात दोन मिनिटं जातात आणि आठवडा वाचतो. लायसोझाइमची बाटली वर्षभर फ्रीजच्या दारात उघडझाप होत राहिली असेल, तर ती निकामी झाली आहे हेही इथेच कळतं. मणी झाले की सेंट्रिफ्यूज करायचं नाही, नाजूक असतात. तसेच्या तसे थेट मिथेनॉल-क्लोरोफॉर्ममध्ये ओतायचे.

पण लायसोझाइमच्या वाटेत एक खड्डा आहे, आणि कधी कधी डाग दुप्पट का येतो त्याचं उत्तर त्यातच आहे. जिवाणूंमधलं कार्डिओलिपिन बनवणारं एन्झाइम ऊर्जा मागत नाही. दोन फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल घेतं, एक ग्लिसरॉल सोडतं, कार्डिओलिपिन तयार. एटीपी लागत नाही, सीटीपी लागत नाही. म्हणजे पेशी उपाशी आहे, श्वास कोंडला आहे, वाढ थांबली आहे, तरीही हे काम चालू राहू शकतं. ३७ अंशांवर लायसोझाइममध्ये पेशी बसल्या आहेत, तेव्हाही. म्हणून वेळ घड्याळ लावून पाळायची, आज पंधरा मिनिटं आणि उद्या चहा पिऊन आल्यावर पाऊण तास असं चालत नाही.

हेच कल्चर काढण्याच्या वेळेलाही लागू आहे. वाढ थांबून कल्चर स्थिर अवस्थेत शिरलं की कार्डिओलिपिन वाढतं. आमच्याकडचा एक मुलगा कळव्याहून येतो, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने. सकाळी सातला कल्चर लावून जाणारा कोणी दुसरा, दहाला काढणारा हा. पाऊस लागला की गाडी ऐरोलीच्या अलीकडे उभी, आणि शेकर इकडे फिरतोच आहे. ०.६ ओडीला (ओडी म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचं माप) काढायचं कल्चर १.८ला निघतं. वहीत मात्र लिहिलेलं असतं, ‘तीन तास वाढवलं’. मी त्याच्या वहीतल्या तारखा आणि प्लेटचे फोटो समोरासमोर ठेवले, तेव्हा कार्डिओलिपिन दुप्पट आलेले तिन्ही दिवस गाड्या कोलमडलेले दिवस निघाले. वेळेवर कल्चर काढू नका, ओडीवर काढा. आणि ज्याला पोचायला उशीर होणार आहे, त्याने लॅबमध्ये असलेल्या कोणाला तरी फोन करून कल्चर बर्फात टाकायला सांगावं. बर्फ म्हणजे बर्फाचं पाणी, ज्यात फ्लास्क हलवता येतो. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला अर्धा लिटरचा फ्लास्क बराच वेळ आतून कोमट राहतो.

या सगळ्या कटकटीतून सुटायचं असेल तर माझा कौल काचेच्या मण्यांना आहे. पेशी बर्फथंड मिथेनॉलमध्ये घ्या, ०.१ मिलिमीटरचे काचेचे मणी घाला, बीड बीटरवर (नळी जोरात हलवणारं यंत्र) ३० सेकंदांच्या सहा फेऱ्या, मधे मधे बर्फात. मिथेनॉल लागताक्षणी एन्झाइमं गारद होतात आणि मणी भित्तिका फोडतात. म्हणजे पेशीला मधल्या काळात काही नवं बनवायला सवडच मिळत नाही. ज्यांच्याकडे बीड बीटर नाही त्यांनी लायसोझाइम वापरावं, पण एकदा तरी शेजारच्या लॅबमधून बीड बीटर मागून दोन्ही पद्धतींची एकाच कल्चरवर तुलना करून ठेवावी. दोन्हीत कार्डिओलिपिनचा वाटा सारखा आला, तर तुमची लायसोझाइमची वेळ बरोबर आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियसवर काम करणाऱ्यांनी लायसोझाइमच्या नादी लागू नये. त्याच्या भित्तिकेतल्या साखरेवर ॲसिटिल गट चढवलेला असतो, त्यामुळे लायसोझाइम तिला जवळपास काहीच करत नाही. तिथे लायसोस्टॅफिन लागतं, ते ग्लायसिनचे पूल तोडतं. ते महाग आहे, त्यामुळे तिथेही काचेचे मणीच परवडतात.

आता प्रमाणाकडे. ब्लाय-डायरमधलं पाणी म्हणजे तुम्ही वरून घातलेलं पाणी नव्हे. ओल्या गोळ्यातलं पाणीही त्यात मोजायचं. बोंबील आणि सुरमई एका मापाने शिजत नाहीत, तसंच आहे हे. गोळा जाड आणि ओला असेल आणि तुम्ही वर पुन्हा ०.८ मिली बफर घातलंत, तर पहिल्याच पायरीला मिश्रण गढूळ होऊन दोन थर पडतात. तसं झालं तर तिथेच थांबा. पहिल्या पायरीला मिश्रण एकजीव असायलाच हवं, तळाशी पेशींचा साका चालेल, पण द्रवाचे दोन थर चालणार नाहीत. थोडं थोडं मिथेनॉल टाकून ते एकजीव होतं का पाहा, आणि मग क्लोरोफॉर्म-पाणी त्याच हिशोबाने वाढवा. शेवटी प्रमाण २:२:१.८ वर यायला हवं.

आणि दुसऱ्या पायरीला, म्हणजे क्लोरोफॉर्म-पाणी वाढवून थर वेगळे करताना, साधं डिस्टिल्ड पाणी घालू नका, मिठाचं पाणी घाला. ग्राम-पॉझिटिव्ह पटल बरंचसं ऋणभारित लिपिडांनी बनलेलं असतं. साध्या पाण्यात ही मंडळी वरच्या थरात वाहून जातात, आणि वरचा थर आपण ओतून देतो. १ मोलर सोडियम क्लोराइड घातलं की ती निमूट खाली क्लोरोफॉर्ममध्ये बसतात. मधे पांढरा लोकरीसारखा पट्टा दिसेल, ते प्रथिन आहे, लायसोझाइम वापरलं असेल तर जास्तच. पाश्चर पिपेटमधून हलके बुडबुडे सोडत त्यातून खाली जायचं आणि मगच खालचा थर ओढायचा. शेवटचे दोन थेंब राहू द्या, त्या हव्यासापायी लोकर वर येते आणि प्लेटवर डागाला शेपूट फुटतं.

क्लोरोफॉर्म लागेल तिथे सगळं काचेचं, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. प्लास्टिकच्या नळीतून प्लास्टिसायझर सुटतो आणि प्लेटच्या अगदी माथ्यावर, सॉल्व्हंटच्या रेषेला चिकटून एक डाग उठतो. आयोडीनमध्ये तो दिसतो आणि नवखी मुलं त्यालाच कार्डिओलिपिन समजतात. पेशी न घालता, नुसतं बफर घेऊन सगळी पद्धत एकदा करा. तो डाग तरीही आला, तर नळ्या बदला.

आता पावसाळा. आमच्या लॅबमधल्या हायग्रोमीटरचा (आर्द्रतामापकाचा) काटा एसी बंद असला की जुलैत ८५च्या खाली उतरत नाही. त्याचा त्रास दोन ठिकाणी होतो.

पहिला त्रास अर्क वाळवताना. नायट्रोजन सिलिंडरमधून कोरडाच येतो, पण क्लोरोफॉर्म उडताना व्हायल गार पडते. बाहेरून दव धरतं, ते बोटाला लागतं. आतही खोलीतली दमट हवा शिरते आणि तळाशी लिपिडाच्या थरावर दुधाळ थेंब बसतो. तो थेंब क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, लिपिडाचा काही भाग त्याच्या कडेला चिकटून राहतो, आणि पुढे सिरिंजमध्ये येतो तो अर्धवट अर्क. व्हायल ३० ते ३५ अंशांच्या कोमट ब्लॉकमध्ये ठेवून वाळवा. दुधाळपणा दिसलाच तर दोन-तीन थेंब ॲब्सोल्यूट अल्कोहोल टाकून पुन्हा वाळवा, अल्कोहोल पाण्याला सोबत घेऊन जातं. लिपिड खवट होईल याची भीती इथे फार धरायची नाही. बॅसिलसच्या फॅटी ॲसिडच्या साखळ्या बहुतांशी संपृक्त आणि टोकाशी फाटा फुटलेल्या, १५ आणि १७ कार्बनच्या. शेंगदाणा तेलासारखं हे लिपिड हवेने लवकर बिघडत नाही.

दुसरा त्रास प्लेटचा. सिलिका हवेतलं पाणी ओढते, पाण्याने भरलेली सिलिका लिपिडाला धरून ठेवत नाही, आणि सगळे डाग वर सरकून एकमेकांत मिसळतात. जानेवारीत फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलपासून बोटभर लांब असलेलं कार्डिओलिपिन ऑगस्टमध्ये माथ्यावरच्या फॅटी ॲसिडमध्ये जाऊन बसतं. ते गायब झालं असं वाटतं, पण ते तिथेच असतं, गर्दीत. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवावी हे सगळ्यांना माहीत असतं. तापवलेली प्लेट बाकावर ठेवून नमुने लावायला दहा मिनिटं घेतली, की ती पुन्हा तेवढीच पाणी प्यायलेली असते, हे मात्र लक्षात येत नाही. मी गेली काही वर्षं उलटं करते. प्लेट कोरडी ठेवायचा हट्ट सोडला आणि वर्षभर सारखी ओली ठेवायची असं ठरवलं. नमुने लावून झालेली प्लेट मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर, बंद डेसिकेटरमध्ये तासभर ठेवते. त्या द्रावणावरची हवा साधारण ३३ टक्के आर्द्रतेला स्थिर राहते, बाहेर मे असो वा जुलै. तिथून काढलेली प्लेट क्षणात टाकीत. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, ॲसिटिक ॲसिड ६५:२५:१० या आम्लधर्मी मिश्रणात कार्डिओलिपिन सर्वांत पुढे, लायसिल-फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल (लायसिन जोडलेलं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) सर्वांत मागे, बाकीची मधे. हे करायला लागल्यापासून बाराही महिन्यांच्या प्लेट एकमेकींवर ठेवून बघता येतात. या एका डेसिकेटरवर माझा इतका जीव आहे की त्याला दुसऱ्या कोणत्या कामाला मी हात लावू देत नाही.

आता स्टँडर्डबद्दल, म्हणजे तुलनेसाठी शेजारी लावायच्या विकतच्या कार्डिओलिपिनबद्दल, कारण तिथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाजारात सहज मिळणारं कार्डिओलिपिन गाईच्या हृदयातून काढलेलं असतं. नावच त्यावरून पडलं, मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ साली ते गाईच्या हृदयातून वेगळं केलं, आणि तेच पुढे सिफिलिसच्या व्हीडीआरएल चाचणीच्या अँटिजेनमध्ये गेलं. त्याच्या चारही शेपट्या बहुतेक लिनोलेइक ॲसिडच्या, म्हणजे असंपृक्त. आयोडीनची वाफ असंपृक्त लिपिडाला गडद रंगवते, संपृक्ताला फिकट. त्यामुळे स्टँडर्डचा डाग कडक तपकिरी दिसतो आणि शेजारी बॅसिलसचं तेवढंच कार्डिओलिपिन केविलवाणं. त्यावरून ‘आपल्याकडे कमी आहे’ असा निष्कर्ष काढलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. आयोडीनवर तुलना करू नका, मॉलिब्डेनम ब्लू हा फवारा मारा. तो फॉस्फेट मोजतो, शेपट्या नाही. शेपट्या आखूड असल्यामुळे जिवाणूचा डाग स्टँडर्डपेक्षा किंचित खाली बसतो, तेही गृहीत धरा. आणि गाईचं स्टँडर्ड हवेने बिघडतं, जुन्या व्हायलमधलं खालपर्यंत ओघळतं. ग्लायकोलिपिडमध्ये, म्हणजे साखर जोडलेल्या लिपिडात, फॉस्फरस नसतो, तो मॉलिब्डेनमला दिसतच नाही. आयोडीनवर डाग आहे आणि मॉलिब्डेनमवर नाही, तर साखरेला रंगवणारं अल्फा-नॅफ्थॉल मारून पाहा.

अमिनो गटाला रंगवणाऱ्या निनहायड्रिनने बॅसिलसमध्ये दोन डाग गुलाबी-जांभळे होतात, फॉस्फॅटिडिलइथेनॉलामाइन आणि लायसिल-फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये इथेनॉलामाइनवालं लिपिड नसतंच, तिथे गुलाबी डाग म्हणजे लायसिलवालं. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकावर काम करणाऱ्यांना तोच डाग हवा असतो, आणि नेमका तोच नाजूक. लायसिन जोडणारा एस्टर बंध अल्कधर्मी द्रावणात तुटतो. पीएच ८च्या ट्रिस बफरमध्ये पेशी रेंगाळल्या, तर हे लिपिड सुटून फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल होतं आणि दोन्ही आकडे चुकतात. धुण्यासाठी पीएच ५च्या आसपासचं ॲसिटेट बफर वापरा. आणि ग्लुकोज घातलेल्या माध्यमात कल्चर स्वतःच आंबट होऊन लायसिलवालं लिपिड वाढवतं, तेव्हा काढतानाचा पीएच वहीत हवाच.

मोजताना दोनच गोष्टी. कार्डिओलिपिनच्या एका रेणूत दोन फॉस्फेट असतात, म्हणून फॉस्फरसवरून रेणू काढताना दोनाने भागा. आणि चोथ्यातलं फॉस्फरस मोजून ‘इतकं लिपिड मागे राहिलं’ असं म्हणू नका, त्यातलं बहुतेक टायकोइक ॲसिडचं असतं. आधी लिपिड काढायचं, मग त्यातलं फॉस्फरस.

एवढं करूनही डाग हलत राहिला तर मला नुसता प्लेटचा फोटो पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही. कल्चर काढतानाचा ओडी आणि पीएच, बर्फात टाकल्यापासून मिथेनॉल लागेपर्यंत गेलेली मिनिटं, लायसोझाइमनंतर सूक्ष्मदर्शकाखाली काड्या किती आणि मणी किती, पहिल्या पायरीला मिश्रण एकजीव होतं की नाही, त्या दिवशीची आर्द्रता, आणि चोथ्याच्या दुसऱ्या अर्काचा डाग त्याच प्लेटवर. चोथा फेकून दिला असेल तर आधी नवा बनवा, मग लिहा.